यासीनचाचांचा मजमा

मला चार माणसांत तोंड उघडायला शिकवलं ते यासीनचाचांनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना हसणार आहे.

कळंबच्या वेशीवर, आमच्या खोलीला लागून त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न असो, जयंती असो, भोंगे चाचांचेच. पण टाळ्या भाड्यानं देणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

त्यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक अमेरिकन रेकॉर्ड आणली होती. पियानो, ढोल, पितळी वाजंत्री, सगळं भरल्या बैठकीत वाजवलेलं. लोक मधेच ओरडायचे, कव्वालीला दाद द्यावी तसे. आणि गाणं संपलं की टाळ्यांचा कडकडाट.

"वाजिवणारे सोड," चाचा म्हणायचे, "मजमा बघ, मजमा!"

त्या मजम्यातली, म्हणजे ऐकायला जमलेल्या गर्दीतली, माणसं त्यांच्या ओळखीची झाली होती. पहिल्याच गाण्यात एकजण खोकतो, तो खोकलेमामा. एक बाई मोठ्यानं हसते, तिला चाचांनी मनानंच पुढच्या रांगेत बसवलं होतं. संध्याकाळी मी डोकावले की म्हणायचे, "हळू ये पोरी, मजमा बसलाय."

घरात ते एकटेच. मुलगे हैदराबादला. ईदला यायचे, जेवायचे, एसटीची वेळ झाली म्हणून उठायचे.

चाचांची एक खोड मात्र मला कळत नसे. टाळ्या ओसरायच्या आत ते सुई उचलायचे. शेवटपर्यंत कधीच वाजू दिली नाही. "सुई झिजती," म्हणायचे.

दुष्काळात दूध सोसायटीची सभा होती. चेअरमनसाहेबांना टाळ्या पडेनाशा झालेल्या. त्यांनी चाचांना हळूच सांगून ठेवलं, "मी थांबलो की टाळ्या सोडा." साहेब म्हणाले, "यंदा संस्थेकडून वैरण मिळणार नाही," आणि पाणी प्यायला थांबले. चाचांनी सुई ठेवली. अख्खी अमेरिका टाळ्या पिटायला लागली. ती बाई हसलीसुद्धा. साहेबांनी सवयीनं हात जोडले.

पुढच्या सभेत आमच्या वस्तीवरचं दूध केंद्र बंद करायचं ठरणार होतं. दोन म्हशींवर आमचं घर चालायचं. केंद्र गेलं की म्हशी विकून गाव सोडायचं, एवढंच उरलं होतं. आमचे हे सभेत उठून बोलणाऱ्यांतले नव्हेत. मी सातवीत शाळा सोडलेली, सास्तूरहून लग्न होऊन आलेली, पाहुण्यांसमोरसुद्धा घाम फुटायचा.

चाचांनी मुका माइक माझ्या हातात दिला. "बोल."

मी एक वाक्य बोलायची, ते टाळ्यांवर सुई ठेवायचे. "आवाज खाली पडला. खोकलेमामाला ऐकू आला न्हाय. पुन्ना."

सभेत मी उभी राहिले. "दूध वाहून न्यायला आमाला पाय हायेत, पर उन्हात दुधाला तग न्हाय," एवढं बोलले आणि पुढचं सगळं विसरले. मी चाचांकडं पाहिलं. आता सुई ठेवतील.

त्यांनी मशीन बंद केलं. पुढं आले आणि एकटेच टाळ्या वाजवायला लागले. मग मागच्या बाया वाजवायला लागल्या, मग बाप्येही. केंद्र राहिलं.

"सुई का न्हाई ठिवली, चाचा?"

"भाड्याच्या टाळ्या चेअरमनला. तू घरची हायेस."

पुढं काही वर्षांनी यांना सुरतला काम लागलं आणि आम्ही इकडं आलो. इथं मला अजून माणसांची भीती वाटते, पण बोलते.

मागच्या महिन्यात तांदूळ पाखडत होते. शेजारच्या मुलानं कुठून तरी आणलेली विलायती कॅसेट लावली. तोच पियानो, तेच ढोल, आणि त्यात कुणीतरी खोकलं. "खोकलेमामा!" मी मोठ्यानं म्हणाले. तो पोरगा बघतच राहिला.

या वेळी कुणी सुई उचलली नाही. टाळ्या झाल्या, विरळ झाल्या, एक-दोन हात उरले. मग खुर्च्या सरकल्या. पावलं वाजली. ती बाई हसत हसत लांब गेली. मग नुसती खरखर.

सूप तसंच मांडीवर राहिलं. सुई झिजायची बात खोटी होती.

चाचा, दुकान अजून चालू आहे असं कळलं. मी एकदा येणार आहे. ती रेकॉर्ड शेवटपर्यंत लावू. सगळा मजमा उठून गेला तरी मी एसटीची वेळ सांगणार नाही, बसून राहीन.