अक्काची संध्याकाळची गाडी

माझी थोरली बहीण शोभाअक्का स्थिर जमिनीवर सरळ उभी राहू शकत नाही. तिला कसला आजार नाही. ती एसटीत कंडक्टर आहे, आणि अर्धं आयुष्य हलत्या जमिनीवर उभं राहिल्यामुळं न हलणारी जमीन तिला फसवी वाटते. किराणा दुकानात, लग्नात, देवळाच्या रांगेत, कुठंही ती पाय फाकवून उभी राहते, पाठ कशाला तरी टेकवते आणि कमरेतून मंद डुलत असते. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळं खानदान ताठ उभं आहे आणि अक्का एकटी डावीकडं कललेली आहे. फोटोग्राफरनं दोनदा विनवलं, ताई, सरळ व्हा. ती म्हणाली, "वळण संपू दे की."

बोलणंही तसंच. "दमानं घ्या, जागा सगळ्यांना हाय," हे ती गाडीत म्हणते, पंगतीत म्हणते, रेशनच्या दुकानात म्हणते. आमच्या चुलत्यांच्या मातीला दारात गर्दी लोटली तेव्हाही तिच्या तोंडून सवयीनं हेच निघालं, आणि पुढचे लोक चटकन मागं सरले.

अशा बाईच्या हातात माझी तान्ही पोरगी द्यायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. प्रणिताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर देवणीचं. पण ऐन वेळी सासूबाई गोठ्यात घसरल्या आणि पायाला प्लास्टर घालून बसल्या. आमची आई तर कधीच गेलेली. मग नांदेडच्या आमच्या दोन खोल्यांत उरलो आम्ही दोघं आणि रेवा. मी एका खाजगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. या विषयाचा बाळ सांभाळायला काडीचा उपयोग नाही, उलट त्रासच होतो, हे मला लवकरच कळलं.

पहिले काही दिवस रेवा गुणी बाळासारखी वागली. मग एका संध्याकाळी दिवेलागणीला तिनं जो सूर लावला तो थांबेचना. दूध पाजलं, लंगोट बदलला, खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं. गुडघे पोटाशी ओढायचे, मुठी आवळायच्या, तोंड तांबडंलाल करायचं आणि जीव खाऊन रडायचं. पोटाला हात लावला तर टम्म. बंद भांड्यात वायूचा दाब वाढत गेला तर काय होतं हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. ती आकृती आता माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

डॉक्टरांनी तपासलं, वजन बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "पोटशूळ आहे. गॅस अडकतो. बऱ्याच बाळांना होतो. पाजल्यावर ढेकर काढत जा. आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. तीन महिन्यांत आपोआप थांबेल." तीन महिने हे शब्द त्यांनी असे उच्चारले, जसं कुणी पाच मिनिटं बसा म्हणावं.

मी अक्काला फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे, नुसतं रडगाणं गायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच दारात उभी. कातडी बॅग खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, रेवाला पलंगावर उताणं ठेवून तिच्या पोटावर बोटानं टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"फुल्ल हाय," ती म्हणाली. "उभं राह्यला जागा न्हाई आतमदी. ग्यास लपून बसलाय. विनातिकीट असला की असाच बसतो दबून. उतरवावा लागतो."

तिनं रेवाला खांद्यावर उभी धरली. एक हात बुडाखाली, दुसरा पाठीवर. कपाटाला पाठ टेकवली, पाय फाकवले आणि तोंडानं म्हणाली, "टिंग टिंग." मग अक्का निघाली. जागची हलली नाही, पण निघाली. कमरेतून डुलत, मधेच हलका हिसका देत, तळहात पाठीवरनं खालून वर फिरवत ती रेवाच्या कानात सांगत होती, "हे बघ, डेपो सोडला. हे अर्धापूर. केळ्याचे ट्रक हायत, जरा थांबू. आता भोकर फाटा. बारडला रस्ता खराब हाय, धरून बस गं माय." बारडच्या खड्ड्यांत रेवानं एक भला मोठा ढेकर दिला. असा आवाज मी फक्त आमच्या चुलत्यांकडून ऐकला होता. अक्का थांबली नाही. "एक उतरला. अजून हायत," म्हणाली. भोकर येईस्तोवर पोरगी झोपली.

त्या दिवसापासून आमच्या घरातून रोज संध्याकाळी नांदेड-माहूर गाडी सुटू लागली. काही दिवस चांगले जायचे, अर्धापूरलाच काम व्हायचं. काही दिवस किनवट गाठावं लागायचं. एकदोनदा तर माहूरचा घाट चढून, रेणुकामातेला बाहेरूनच हात जोडून परत फिरावं लागलं आणि तरी रडणं चालूच. आमच्यात ती परिभाषाच होऊन गेली. क्लासमधून फोन केला की प्रणिता म्हणायची, "आज हिमायतनगर," आणि मला कळायचं की गाडी आज भोकरच्याही पुढं गेलीय, घरी जाताना बाहेरून काहीतरी खायला न्यावं.

मात्र अक्काचं सगळंच काही लागू पडत होतं असं समजू नका. एकदा तिनं बेंबीभोवती हिंगाचा लेप लावला. तो इतका सढळ हातानं लावला की घरभर फोडणीचा वास सुटला, मला सपाटून भूक लागली आणि रेवा शिंका देऊन देऊन आणखीच रडली. प्रणिताच्या जेवणावर तर तिनं कडक नाकाबंदी बसवली. हरभरा बंद, तूर बंद, वांगं बंद, कोबीचं नाव काढायचं नाही. नुसती मुगाची खिचडी. एके दिवशी शेजारणीनं दिलेलं भरलं वांगं प्रणितानं मोरीच्या दाराआड उभं राहून खाल्लं. त्या संध्याकाळी रेवा नेमकी अर्धापूरच्या आतच मोकळी झाली. अक्कानं सगळं श्रेय खिचडीला दिलं आणि प्रणितानं मान डोलावली.

देवणीहून सासूबाई फोनवरून रोज बाळगुटीचा धोशा लावायच्या. फोन अक्काच्या हातात गेला की ती आदबीनं सांगायची, "मावशी, डॉक्टरनं न्हाई म्हणलंय ना, मग कोणी कितीबी हात दाखवू दे, गाडी थांबणार न्हाई." सासूबाई दुखावल्या. पण प्लास्टरमधल्या पायानं त्यांना भांडायला येता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली नाही, आता खटकते. बाळाचा विषय निघाला की येणारी प्रत्येक बाई "आमच्या अमक्याच्या वेळेला" अशी सुरुवात करायची. अक्कालाही एक मुलगा आहे, महेश. पुण्याला कंपनीत असतो, सणावाराला येतो. पण अक्का कधीच "महेशच्या वेळेला" म्हणाली नाही. तिचे सगळे दाखले गाडीतले. "एकदा उदगीरच्या गाडीत एक बाई होती, तिचं लेकरू असंच रडून राहिलं होतं. एका म्हातारीनं त्याला असं पालथं घेतलं हातावर." किंवा, "किनवटच्या एका बाईनं दाखवलं होतं मला, पाय असे सायकलीवानी फिरवायचे." माझी बहीण इतकी वर्षं तिकिटं फाडता फाडता दुसऱ्यांची लेकरं बघून शिकत होती.

मग ती वाईट संध्याकाळ आली. रेवा दुपारपासूनच कुरकुरत होती. अक्का आली, गाडी सुटली, भोकर गेलं, किनवट गेलं, माहूर गेलं. पोरगी थांबेना. रडता रडता तिचा श्वास अडकायचा, ओठ थरथरायचे आणि एक क्षण काहीच आवाज यायचा नाही. त्या एका क्षणात माझं सगळं शास्त्र गळून पडायचं. आतडं पिळलं असेल, काही फाटलं असेल, मोबाईलवर वाचलेलं सगळं डोक्यात घोंगावत होतं. मी अक्काकडं बघितलं. ती डुलत होती, हात फिरवत होती, पण तोंडातून गावांची नावं यायची बंद झाली होती. अक्का गप्प झाली तेव्हा मी खरा घाबरलो.

"दवाखान्यात चल," ती एवढंच म्हणाली.

आम्ही ऑटोत बसलो. प्रणिता रडत होती, मी ड्रायव्हरवर खेकसत होतो. अक्कानं रेवाला छातीशी उभी धरली होती आणि तिची हनुवटी पोरीच्या टाळूवर टेकली होती. कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर ऑटोवाल्यानं न बघता उडवला. आम्ही सगळे छताला लागलो आणि त्याच क्षणी रेवाच्या लंगोटातून असा काही आवाज आला की ऑटोवाल्यानं मागं वळून टायर बघितला. मग शांतता. डॉक्टरांच्या टेबलावर पोचली तेव्हा पोरगी ढाराढूर झोपलेली.

डॉक्टरांनी तिला पुरती तपासली. सगळं ठीक होतं. अक्का म्हणाली, "साहेब, पासिंजर वाटंतच उतरलं." डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. बाहेर आल्यावर अक्का बाकड्यावर बसली आणि पदर नसल्यामुळं ओढणीनंच तोंड पुसत राहिली. मला वाटलं घाम पुसते आहे.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. हळूहळू रडणं कमी झालं. आधी माहूर बंद झालं, मग किनवट. अर्धापूरच्या पुढं जावंच लागेना. रेवा आता संध्याकाळी पंख्याकडं बघून हसू लागली. मी देवाला नारळ कबूल केला होता, तो फोडला. घरात झोपलेल्या बाळाची शांतता काय असते हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. मी दाराची बेल काढून टाकली, कुकर लावायचा तो पोरगी जागी असताना. रेवा झोपली असताना कुणी जोरात शिंकलं तरी मी त्याच्याकडं असा बघायचो की तो माणूस माफी मागायचा.

परवा अक्का नेहमीच्या वेळेला आली. बॅग अडकवली, हात धुतले, कपाटाशी उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

"झोपलीय, अक्का," प्रणिता हळूच म्हणाली. "आज रडलीच नाही. कालपण नाही. मघाशी ढेकर दिला न् झोपली आपली आपण."

"बरं झालं," अक्का म्हणाली. हात तसेच पुढं होते. मग तिनं ते खाली घेतले. "लई बरं झालं बाई. तुम्ही दोघं पार बेजार झालता." ती खुंटीवरची बॅग काढायला लागली.

"चहा तरी घे," मी म्हणालो.

"नगं. आता काय काम हाय माझं इथं."

हे ती हसत म्हणाली. जाताना पाळण्यापाशी थांबली आणि वाकून बघत राहिली.

"महेश असाच निजायचा," ती म्हणाली. "मुठी वर करून. मी डेपोतून घरी यायची तवर सासूबाईनं निजवलेला असायचा त्याला. सांच्याला लई रडायचा म्हणं. पोट धरून रडायचा म्हणं. कसा रडायचा, म्या कधी आईकलंच न्हाई. जरा हात लावाया गेले की त्या म्हणायच्या, नगं उठवू बाई, आत्ता कुठं डोळा लागलाय. त्यांचं बी बरोबर होतं. दिसभर त्याच करायच्या, थकून जायच्या." तिनं पाळण्याच्या दोरीवरचा न दिसणारा धागा काढला. "पहाटं परत पहिली गाडी. तवाबी झोपलेलाच. असं म्या त्याला झोपलेलंच बघितलं बघ. मोठा कधी झाला, मालूमच झालं न्हाई."

मग प्रणिता उठली, पाळण्यात वाकली आणि तिनं झोपलेल्या रेवाला उचललं.

"अगं," माझ्या तोंडून निघालं. प्रणितानं माझ्याकडं फक्त बघितलं.

"उठंल की गं ती," अक्का घाबरून मागं सरली.

"उठू द्या."

"रडंल."

"रडू द्या, अक्का. तुम्ही आहात की." असं म्हणून तिनं पोरीला अक्काच्या हातात ठेवलं.

मला तिथं थांबवेना. मी चहा ठेवायला आत गेलो. आधण ठेवलं, साखर टाकली, पत्ती टाकली आणि ओट्याला धरून बाहेरचा कानोसा घेत राहिलो. काहीच ऐकू येत नव्हतं. ज्या आवाजाच्या नुसत्या धास्तीनं मी दाराची बेल काढून टाकली होती, तो आज एकदा यावा, मोठ्यानं यावा, असं मला मनापासून वाटत होतं. चहा उतू जायला आला तेव्हा बाहेर रेवानं पहिला सूर काढला.

मी गॅस बारीक केला आणि आतच थांबलो.