हुजुरांत मांजर न बोलावितां आलें त्याची हकीकत

श्रीचरणीं मस्तक ठेवोन आणि थोरांची क्षमा मागोन लेखन करितों. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, ते समयींचें वर्तमान ऐसें जे, जनावरांनीं मनुष्याचा आश्रय केला तो केवळ प्रेमास्तव, ऐसें दरबारचे शास्त्री सांगत. कुत्रें हाडाकरितां आलें, मांजर उंदरांकरितां आलें आणि पोपट तर पकडोनच आणिला, इतकें मात्र सांगावयाचें त्यांचें राहोन जाई.

राज्य थोर, महाराज पुण्यप्रतापी, परंतु राणीसाहेब कैलासवासी होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. बोलाविल्यावांचून कोणीं हुजुरांत येऊं नये हा रिवाज, राणीसाहेब मात्र वर्दी न देतां मागून येत आणि खांद्यावर हात ठेवून म्हणत, "अजून दप्तरच चाललंय का?" तो हात गेला. मग महाराजांस ध्यास लागला कीं राज्यांत एक तरी जीव आपणाकडे आपल्या मर्जीनें यावा, आणि बाळपणींचें एक कुत्रें आठवलें, जें चिखलाच्या पायांनीं थेट अंगावर उडी घेत असे, आणि कारभारी नारोपंतांस आज्ञा जाहली कीं तैसें कुत्रें आणवावें.

पंत रिवाजाचे पक्के. त्यांनीं भुऱ्या नामें कुत्रें आणविलें आणि चाळीस दिवस हुजऱ्यांचे तालमींत ठेविलें आणि मग जरीची झूल घालोन सदरेवर उभें केलें. महाराज गादीवरून पुढें वांकले आणि म्हणाले, "ये रे, भुऱ्या." भुऱ्यानें आधीं चोपदाराकडे पाहिलें, चोपदारानें मान हालविली, मग त्यानें पुढचे पाय टेकून तीन मुजरे केले आणि पाठ न दाखवितां उलट्या पावलीं बाहेर गेला.

"पंत, हें कुत्रें कीं दरबारचा मुतालिक?"

"हुजूर, मुतालिक इतकें शिकत नाहींत."

मग पोपट आणविला. महाराजांनीं पुसिलें, "राघू, जेवलास?" तो म्हणाला, "हुकूम." "उपाशी आहेस?" "हुकूम." महाराजांनीं पिंजरा झांकविला आणि ते दिवशीं जेवले नाहींत.

राहिलें कोठीचें मांजर, तें दोन प्रहरीं मुदपाकांत स्वयंपाकाच्या चुलीच्या उबेस निजत असे. त्यास शिकवावयास गेले ते दोन हुजरे ओरखडे घेऊन परतले. मग महाराज स्वतां कोठीवर गेले आणि "ये, ये" करूं लागले, आणि मांजर पोत्यांवर बसोन त्यांजकडे पाहात राहिलें. कोठीवाली गोदूबाई पदर सावरून म्हणाली, "महाराज, मांजराला बोलावूं नये. बोलावलं की त्याला वाटतं, ह्यांचं काहीतरी काम आहे."

हें महाराजांच्या मनांत बसलें. तेव्हांपासून दोन प्रहरीं सदरेवर एकटेच बसत, मांडी रिकामी ठेवीत, बोलावीत कोणासच नसत. आणि दसरा गेला, आणि दिवाळी गेली, आणि पौष लागला, आणि एके दिवशीं शेजारील राज्याचा वकील तहाचे कागद वाचीत असतां मांजर आलें. चोपदारास ओलांडिलें, मुजरा केला नाहीं, तहावर पाय देऊन मांडीवर चढलें, दोन वेळां शालजोडी तुडविली आणि निजलें.

वकील म्हणाला, "हुजूर, शिक्क्यापुरतें उठावें."

"उठतां येत नाहीं," महाराज हळूच म्हणाले.

मग दिवस कलला, पायांस मुंग्या आल्या, वकील उभाच राहिला आणि महाराजांनीं हात उचलोन मांजराच्या पाठीवर ठेविला, आणि तो हात किती दिवसांनीं कोणाच्या अंगावर ठेविला तें त्यांचें त्यांस कळलें, आणि डोळे भरले. म्हणाले, "पंत, आलें. न बोलावितां आलें." पंतांनीं मान खालीं घातली, आणि रिवाज काय तें त्या दिवशीं त्यांस आठवेना.

सारांश, राज्यांत एक जीव महाराजांकडे आपल्या मर्जीनें आला. जैसें घडलें तैसें लिहिलें. त्या दिवशीं सारवणाकरितां मुदपाकांतील चूल विझविली होती.