पालकाची सही

वडगावातल्या कल्लाप्पा अण्णांना मूलबाळ नाही, पण दर पालक सभेला ते पाच-सहा मुलांचे पालक म्हणून सही करून येतात. गेल्या सभेला माझ्या एकटीच्या वर्गात त्यांची दोन मुलं होती. वरच्या मजल्यावर एक होतं आणि रस्त्यापलीकडच्या कन्नड शाळेत आणखी एक. त्यामुळे "बाई, माजं आदी उरका, पलीकडं मास्तर वाट बगत्यात," असं म्हणून त्यांनी रांगेतल्या खऱ्या आईबापांच्या पुढे नंबर लावला. खऱ्या आईबापांनी मुकाट्याने वाट दिली. त्यातल्या दोघांच्या लहानपणी त्यांचे पालक म्हणूनही अण्णाच येऊन गेले होते.

साठीला आलेला हा माणूस सभेच्या दिवशी ओळखू येत नाही. एरवी अंगात बंडी आणि केसांत सुताचे तुकडे. सभेला मात्र इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी आणि खिशाला निळं पेन. हे पेन लिहीत नाही. मी एकदा म्हटलं, "अण्णा, रिफिल तरी घाला की." तर म्हणाले, "पेन दिसाया पायजे बाई. लिवायला मास्तरांचं आसतंय की."

अण्णांचा धंदा बीम जोडायचा. मागावरचं सूत संपत आलं की सूत गुंडाळलेलं नवं बीम चढतं, आणि जुन्या सुताचा एकेक धागा नव्या एकेका धाग्याला गाठ मारून जोडावा लागतो. हजारो गाठी. त्यासाठी अण्णा आज या घरात, तर उद्या त्या घरात मांडी घालून बसलेले असतात. त्यामुळे वडगाव-शहापुरातल्या कुठल्या घरात कुठलं पोर कुठल्या विषयात आपटलंय याची खबर शाळेआधी त्यांना लागते. आणि दोन बिमांच्या मधे त्यांना थोडी सवड असते. ती आमच्या आईबापांना कधीच नव्हती. माग थांबला की साडी थांबते, आणि साडी थांबली की संध्याकाळी चूल विचारते. त्यामुळे शाळेतून "पालकांना घेऊन ये" असा निरोप आला की पोर घरी न सांगता सरळ अण्णांना गाठायचं. अजूनही गाठतं.

सभेच्या वहीत 'विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना असतो. तिथे अण्णा सगळीकडे 'मामा' लिहितात. आमच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी एकदा वैतागून विचारलं होतं, "कल्लाप्पा, तुम्हाला बहिणी तरी किती?" अण्णा जराही न गडबडता म्हणाले, "गल्लीत माग किती हायत त्ये मोजा की सर." त्यांची बायको शांताक्का तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माज्या नवऱ्याला पोरं किती, त्ये मला शाळंतनं कळतंय."

नव्या इंग्रजी शाळेने पालकांना फोटोचं ओळखपत्र सक्तीचं केलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता अण्णांची गाडी अडणार. अण्णांनी तीन मुलांसाठी तीन फोटो काढून आणले, तिन्हींत तीच टोपी. आता त्या शाळेत जाताना गळ्यात तीन कार्डं घालून जातात. देवाला जाताना माळा घालाव्यात तसं दिसतं, पण हसायची कुणाची टाप नाही.

मुलाच्या बाजूने बोलायला अण्णांकडे वाक्य एकच. तक्रार काहीही असो, पोराने काच फोडलेली असो, मारामारी केलेली असो, विज्ञानात भोपळा काढलेला असो, अण्णा सगळं खाली मान घालून ऐकतात, मग वही हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरतात आणि म्हणतात, "पन आक्षर बरं हाय की." कन्नड शाळेत "अक्षर चलो ऐत्री." इंग्रजी शाळेत "रायटिंग गुड, मॅडम." एकदा एका मुलाची कोरी वही बघूनही ते हेच म्हणाले होते. मास्तरांनी विचारलं, "अहो, अक्षर आहे कुठं?" "लिवलं की बरं यील," अण्णा म्हणाले.

सभा झाली की गल्लीत निकाल सांगायचा कार्यक्रम. मागाच्या खडखडाटात साधं बोलून भागत नाही, ओरडावं लागतं. त्यामुळे एका घरचा निकाल सहा घरांना कळतो. पण अण्णा वाईट कधी सांगत नाहीत. "हुशार हाय, पन येळ लागतुया," एवढंच. यावरून पोर नापास झालंय हे गल्ली ओळखते.

मीही त्यांच्या भाच्यांपैकीच. सहावीत मला गणितात नऊ मार्क पडले होते. माझ्या वडिलांना, आप्पांना, दाखवायची छाती नव्हती, म्हणून प्रगतिपुस्तकावर आप्पांची सही मीच ठोकून दिली, तीही चांगली वळणदार. आप्पा अंगठा उठवायचे, हे वर्गाच्या बाईंना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि पालकांना आणायला सांगितलं. मी अण्णांकडे गेले. ते कुणाच्या तरी घरी बीम जोडत होते. मी "वर्गाभाईर काढलंय" एवढंच म्हटलं आणि त्यांनी हातातला धागा तसाच सोडला. अर्धं काम टाकून अण्णा उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बाईंनी खोटी सही त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी ती लांब धरून बघितली. "बाई, आक्षर बरं हाय की." बाईंना हसू आवरेना आणि मी वर्गात आले.

परत येताना मात्र ते मला म्हणाले, "सुमे, सही करायची तर सोताची करावी." मग वर्षभर शाळा सुटली की मला शेजारी बसवून धागे मोजायला लावले. पाच-पाचांचे, सात-सातांचे, बारा-बारांचे जुडगे. पाढे माझ्या बोटांत गेले. आज मी हायस्कुलात गणित शिकवते, ते त्या सुतावर. फक्त तेरापर्यंत आलो की अण्णा थांबायचे. "चौदाचा तू शाळंत शिक. चौदाचा मला आईकू आल्याला न्हाय." पाढा येत नाही असं माणसं म्हणतात, ऐकू आला नाही म्हणणारे मी एकटे अण्णाच बघितले. त्यांच्या तऱ्हांमधली आणखी एक, म्हणून मी सोडून दिलं.

मी शाळेत लागले त्या दिवसापासून अण्णांची 'सुमे' मी राहिले नाही. भर गल्लीत हात जोडून "बाई" म्हणतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि नव्या नोकरीचा तोरा म्हणा, मी एकदा त्यांनाच शिकवायला गेले. म्हटलं, "अण्णा, हे बरोबर न्हाय. आईबापांनी सोता यायला पायजे. त्यांस्नी सवय कशी लागणार? दोन दिवस पोरगं भाईर बसलं तर येतील की आपसूक."

अण्णा नेहमीसारखे हसले नाहीत. "दोन दिसानं लई हुतंय बाई," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले. पुढच्या दोन सभांना माझ्या वर्गात आले, सही केली, पण अक्षराचं वाक्य म्हटलं नाही. मला ते लागलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला शांताक्का घरी आली. अण्णांच्या पेन्शनच्या कागदांना वयाचा पुरावा हवा होता. आधार कार्डावर नुसतं साल. ऑफिसातला माणूस म्हणाला, शाळेचा दाखला आणा, नाहीतर फाईल परत. चार महिने झाले, अण्णा आज जातो, उद्या जातो करत होते. आता आठ दिवस उरले होते.

"सगळ्यांच्या शाळंत नाचत जात्यात," शांताक्का म्हणाली, "सोताच्या शाळंचं नाव काडलं की पोटात दुकतंय म्हनत्यात. तू ने बग त्येंला, सुमे. तुजं आईकतील."

अण्णांचं गाव गुंजी स्टेशनापासून आत, जंगलाच्या कडेला. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. इस्त्रीचा सदरा, टोपी, पेन, सगळं होतं. पण खानापूर गेलं तरी माणूस एक अक्षर बोलला नाही. गुंजीला उतरून रिक्षाने शाळेपाशी पोचलो. कौलारू शाळा, पुढे लांब पडवी, पडवीच्या टोकाला टांगलेला रुळाचा तुकडा, हीच घंटा. आत मुलं काहीतरी एका सुरात म्हणत होती. मी पायऱ्या चढले. मागे बघते तर अण्णा पडवीत, दुसऱ्या खिडकीशी उभे. पाठ भिंतीला टेकलेली, हात मागे.

"अण्णा, ऑफिस इकडं हाय."

"व्हय. तुमी जावा. मी हितं उबारतो."

"तुमचा दाखला, मी एकटी जाऊन काय करू?"

ते घंटेकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं. तिसरीत असताना एकदा खूप भूक लागली म्हणून त्यांनी शाळा सुटायची घंटा तासभर आधी बडवली होती. सगळी शाळा घरी पळाली, मास्तरांच्या आधी. मला हसू आलं. अण्णाही थोडे हसले.

"मास्तर म्हनलं, बापाला घिऊन ये, तवर वर्गात बसायचं न्हाय. बा काय यीना. त्यो शाळंला लई भ्यायचा बाई. सही येत न्हवती, अंगावर धड कापडं न्हवती. उद्या येतो, उद्या येतो म्हनायचा. मी रोज यायचो. हितंच उबारायचो, ह्या खिडकीला. आत रोज एक पाडा व्हायचा. तेराचा झाला त्या दिशी आत्या आली आनि वडगावला घिऊन गेली मागावर."

म्हणजे चौदाचा खरोखरच ऐकू आला नव्हता. इतकी वर्षं मी तो विनोद म्हणून वर्गात सांगत आले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मुख्याध्यापिका तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी कपाटातून जुनं जाडजूड रजिस्टर काढलं. नाव सापडलं, जन्मतारीख सापडली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण होतं, 'सतत गैरहजर.' त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

दाराबाहेरून आवाज आला, "गैरहजर न्हवतो, बाई. भाईर हुतो."

मुख्याध्यापिकांनी चमकून वर बघितलं. अण्णा उंबऱ्यापर्यंत आले होते, पण पाय अजून बाहेरच. मी दोन वाक्यांत मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. "अण्णा, रजिस्टरात बदल मला करता येणार नाही हो," त्या म्हणाल्या.

"बदला कोन म्हनतंय? नुसतं सांगितलं."

"आत तरी या."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. या माणसाने तीन भाषांतल्या शाळांमध्ये न विचारता खुर्च्या ओढल्या होत्या. आज ते साठ वर्षांचे, उंबऱ्याशी चपला काढून उभे होते. मी बाईंना म्हटलं, "मी आलेय यांची पालक म्हणून. घ्या आता यांना वर्गात."

अण्णा आत आले. बसले मात्र खुर्चीच्या कडेला.

शाळेत अर्जाचा छापील नमुना एकच होता, मुलांसाठीचा. खाली डाव्या बाजूला विद्यार्थ्याची सही, उजव्या बाजूला पालकाची. अण्णांचा हात सवयीने उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला. "बाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हितं मी कोन म्हनून करू?"

मी डावीकडे बोट ठेवलं. त्यांनी बाईंचं पेन घेऊन 'कल्लाप्पा' लिहिलं, जीभ दातांत धरून, तिसरीतलं मूल लिहितं तसं. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि खिशातलं आपलं निळं पेन काढून मोठ्या मानाने मला दिलं. मी दोनदा गिरवलं, उमटलं नाही. बाईंनी आपलं पेन पुढे केलं.

मी पालकाची सही केली, स्वतःचीच. त्याखाली 'विद्यार्थ्याशी नाते' असा रकाना होता. बाई म्हणाल्या, तो सोडला तरी चालेल. मी सोडला नाही. लिहिलं, 'मुलगी.'

अण्णांनी कागद उचलला आणि डोळ्यांपासून लांब धरला. एवढा एक शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मुख्याध्यापिकांकडे बघून म्हणाले,

"आमच्या सुमीचं आक्षर पयल्यापास्नं बरं हाय."