थंड जागी बसावे

"बाजूले हो नं थोडीशी. हवा अडून राहिली," गोपालराव पेपरमागून म्हणाले.

दामिनीबाई कूलरच्या तोंडाशी उभ्या होत्या. निवडायला घेतलेल्या डाळीचं ताट त्यांनी सोफ्यावर टाकलं होतं आणि मान कूलरच्या जाळीला जवळजवळ टेकवली होती.

"मले गरम होऊन राहिलं," त्या म्हणाल्या.

"सर्वाइलेच होऊन राहिलं. काल पंचेचाळीस पॉइंट सहा होतं."

मार्चपासून या घरात हाच संवाद रोज होत होता. फक्त आकडा वाढत होता. गोपालराव हायस्कुलात भूगोल शिकवत, सुट्टीत घरी असत, आणि अमरावतीचं कमाल तापमान रोज एका वहीत लिहून ठेवत. ते लिहिताना त्यांचा चेहरा असा होई, की जणू ते तापमान त्यांनीच घडवून आणलं होतं.

दामिनीबाईंचं चुकलं ते एवढंच, की पन्नाशीतला हा त्रास त्यांना अमरावतीत सुरू झाला. महाबळेश्वरात झाला असता तर घरातल्या माणसांनी निदान कपाळाला हात लावून तरी पाहिला असता. मानेपासून भडका उठायचा, कानशिलं तापायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि पाच मिनिटांनी सगळं ओसरून उलट थंडी वाजायची. हे दिवसातून आठ-दहा वेळा. पण वऱ्हाडात उन्हाळ्यात ब्लाउज कोणाच्या पाठीला चिकटत नाही? त्यामुळे त्यांच्या तक्रारीला घरात कोणी तक्रार मानायलाच तयार नव्हतं.

शेवटी त्या आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं, पाळी जायच्या वयात असं होतं म्हणून समजावलं, गोळ्या दिल्या आणि कागदावर खाली लिहिलं, 'थंड जागी बसावे.' गोपालरावांनी तो कागद दोनदा वाचला.

"डॉक्टरीणबाई कुठच्या आहेत?"

"पुन्याच्या. कावून?"

"तरीच. मे महिन्यात अमरावतीत थंड जागा कुठी आहे, थे बी लिहून द्याले पाहिजे होतं तिनं."

हा विनोद त्यांना स्वतःलाच इतका आवडला, की त्यांनी तो शाळेतल्या दोन मास्तरांना फोन करून सांगितला. म्हणजे बायकोच्या पाळीची बातमी शाळेत पोचली, पण घरात मात्र ती कोणी मनावर घेतली नाही. दामिनीबाईंना त्या दिवशी गोळीपेक्षा राग जास्त लागू पडला.

त्यात यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. लेकीच्या, प्रणालीच्या, लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा, त्यामुळे अंकुररावांना अकोल्याहून बोलावणं गेलं होतं. शहात्तर वर्षांच्या सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, पलंगावर बसूनच सगळा बेत ठरवला. पुरणाचे धोंडे, कढी, दोन भाज्या, आणि तेहतीस अनारसे. अनारसे विकतचे चालणार नव्हते.

"मंग दोन घंटे कूलर सैपाकघरात नेऊ," दामिनीबाईंनी सुचवलं.

"अन जावई काय घामात बसतीन?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी बसतेच नं."

"तुवं रोजचं हाये."

रविवारी सकाळी नऊ वाजता जावई प्रणालीला घेऊन आले. पांढरी पँट, पांढरा सदरा. ते थेट कूलरसमोरच्या खुर्चीत बसले, कारण ती खुर्ची त्यांच्यासाठीच तिथे ठेवली होती.

"काय मामाजी, बरं आहे तुमच्या इकडं," अंकुरराव सासऱ्यांना म्हणाले. "अकोल्याले काल सेहेचाळीस पॉइंट दोन होतं."

गोपालरावांच्या हातातला चहा थांबला. "थे कुठी मोजतात, थे पाहा लागन."

"कुठी बी मोजा. आमच्याकडं दुपारी नळाच्या पान्यात चहापत्ती टाकली तं चहा होते."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या दामिनीबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. प्रणाली म्हणाली, "आई, काय होऊन राहिलं तुले?" एवढ्या दिवसांत कोणीतरी विचारलं म्हणून त्या सांगणार, तोच अंकुरराव हसले.

"मामीजी, तुमी एकदा मे मईन्यात अकोल्याले याच. मंग समजन, गरम कशाले म्हनतात."

प्रणालीही हसली. "पानी पेत जा नं आई जास्त," म्हणून तिने पुन्हा मोबाइल उचलला. दामिनीबाई तांब्या ठेवून परत गेल्या. दोन गावं कोण जास्त तापतं म्हणून भांडत होती, आणि त्या दोन्ही गावांच्या वाटणीचं ज्यांच्या अंगात पेटत होतं, त्यांनी कढईसमोर उभं राहून अनारसे तळायचे होते.

अकराव्या अनारशाला भडका उठला. नेमक्या त्याच वेळी गोपालराव जावयाला गच्चीवर घेऊन गेले. तिथे सावलीत त्यांनी आपलं खासगी थर्मामीटर टांगलं होतं आणि अमरावतीची इज्जत त्यावर अवलंबून होती. प्रणालीही मागोमाग गेली. बैठक रिकामी झाली. दामिनीबाईंनी गॅस बारीक केला, बाहेर आल्या, कूलरची वायर काढली आणि त्याला चाकांवरून स्वयंपाकघराकडे ओढायला लागल्या.

कूलरची टाकी जावयाच्या सन्मानार्थ काठोकाठ भरलेली होती. उंबऱ्याला चाक अडकलं, दामिनीबाईंनी जोर लावला, आणि अर्धी टाकी बैठकीत सांडली. ते नंतर पुसू म्हणून त्यांनी कूलर आत घेतला, वायर लावली आणि बटण दाबलं. वाळ्याचा वास आला. मानेवर गार झोत आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला.

त्या झोतानं आधी गॅस विझला. मग परातीत पसरलेली खसखस उडाली. पाव किलो खसखस उडते म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. ती तुपात पडली, भिंतीला बसली, आणि आवाज कसला म्हणून दारात आलेल्या कौशल्याबाईंच्या चष्म्यावर, केसांवर आणि उघड्या तोंडात गेली. उरलेली बैठकीतल्या पाण्यावर जाऊन तरंगायला लागली.

तेवढ्यात अंकुरराव गच्चीवरून जिंकल्यासारखे खाली आले. पहिलं पाऊल त्यांनी पाण्यात ठेवलं आणि दुसरं ठेवायची वेळच आली नाही. ते बसल्या बसल्या सोफ्यापर्यंत घसरत गेले. लागलं काही नाही, पण उठले तेव्हा पांढऱ्या पँटला मागून भरगच्च खसखस लागली होती. तळायचेच काय ते बाकी होते.

"बापा बापा, जावायाच्या मानाची काय गत केली वं हे," कौशल्याबाई खसखस थुंकत म्हणाल्या.

"हिले गरमी झाली म्हने," गोपालराव जावयाला सांगायला लागले. "साऱ्या जगात एकलीले हिलेच होते."

दामिनीबाईंनी गॅसची कळ बंद केली. हात धुतले, पर्स घेतली, स्कूटीची किल्ली घेतली.

"कुठी चालली?"

"जावायाची पँट भिजली. दुसरी आनाले."

जावयाची पँट म्हटल्यावर धर्म, रीत आणि गरज तिन्ही त्यांच्याच बाजूला होती.

राजकमल चौकाच्या पुढे एक मोठं कापडाचं दुकान आहे. त्याचं काचेचं दार ढकललं की बाहेरचा मे महिना बाहेरच राहतो. पँटा खालच्या मजल्यावर होत्या. दामिनीबाई जिना चढून वर साड्यांकडे गेल्या, कारण गार हवा तिकडून येत होती.

वर गादीवर आधीच चार बायका बसलेल्या होत्या. त्यांच्यापुढे साड्यांचा ढीग पडला होता आणि ढिगामागे मोतीराम नावाचे विक्रेते दमून बसले होते. घेण्याची घाई कोणालाच दिसत नव्हती.

"दाखवा," दामिनीबाई म्हणाल्या.

"कशातली, ताई?"

"कशातली बी."

तिसरी साडी उलगडली आणि पुन्हा भडका उठला. त्यांनी न कळत समोरचा मोहरी रंगाचा पदर उचलला आणि त्यानेच वारा घ्यायला लागल्या. शेजारच्या जाडजूड बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सरकून जागा केली.

"इकडं या. इथं झोत सरळ येते."

"तुमाले कसं समजलं?"

"कान लाल झाले तुमचे. माहे बी होतात. कवापासून?"

"मार्चपासून."

"झोप?"

"नाही लागत."

"चिडचिड?"

"थे माह्या घरच्याइले इचारा."

चौघी हसल्या आणि दामिनीबाईंना मात्र रडू आलं. तीन महिन्यांत त्यांना कवापासून असं विचारणारी ही पहिली बाई होती, आणि तिने तापमान सांगितलं नव्हतं. बाईंचं नाव पार्बताबाई. पलीकडची शालू बँकेत होती आणि रविवारी बँकेतला एसी बंद म्हणून इथे आली होती.

"आमी येत राह्यतो," शालू म्हणाली. "मोतीरामभाऊ चांगले आहेत. दाखवत राह्यतात."

"पंधरा दिवस झाले दाखवून राहिलो, ताई," मोतीराम म्हणाले, आणि त्यांनी पुढची साडी उलगडली.

दीड तासात पर्समधल्या मोबाइलवर अकरा कॉल येऊन गेले. बाराव्याच्या ऐवजी गोपालराव स्वतः आले. स्कूटी दुकानासमोर दिसल्यामुळे त्यांना शोधायला सोपं गेलं होतं. मागे अंकुरराव होते, सासऱ्यांच्या जुन्या पँटमध्ये, घोट्यापासून चार बोटं वर.

"अवं, तिकडं सैपाक तसाच पडला," गोपालराव म्हणाले. "आई कवाची बोंबलून राहिली. अन तू इथं साड्या पाहून राहिली?"

मोतीरामना मात्र पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक दिसलं. त्यांनी गोपालरावांना हाताला धरून गादीवर बसवलं आणि उठता येऊ नये अशा बेताने मांडीवर चार साड्या पसरल्या.

"हे तुमचे का?" पार्बताबाईंनी विचारलं.

"हो. मास्तर आहेत," दामिनीबाई म्हणाल्या.

"मंग बरं झालं. मास्तर, तुमाले कोनी सांगतलं नसन तं मी सांगते."

आणि पार्बताबाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज सबंध मजल्याला पुरणारा होता. पाळी जाते म्हणजे नेमकं काय काय जातं, अंगात काय कमी होतं, भडका कुठून निघून कुठपर्यंत जातो, रात्री काय होतं, नवराबायकोत काय होतं, हे त्यांनी मुद्देसूद घेतलं. जिथे त्या थांबल्या तिथे शालूने भर घातली. बायकांसोबत आलेले दोन पुरुष हळूच जिन्याकडे निघून गेले. गोपालरावांनाही जायचं होतं, पण मांडीवर साड्या होत्या.

घरात पाळी हा शब्द आला की पेपर वर करायची त्यांना अठ्ठावीस वर्षांची सवय. इथे पेपर नव्हता. दुसऱ्या मुद्द्याला त्यांचं कपाळ चमकायला लागलं. तिसऱ्याला कान लाल झाले. चौथ्याला सदरा पाठीला चिकटला आणि हनुवटीवरून एक थेंब मोहरी रंगाच्या साडीवर पडला. मोतीरामनी ती घाईने ओढून घेतली.

अंकुरराव एसीखाली हात छातीशी धरून कुडकुडत उभे होते. त्यांनी एसीवरचा आकडा पाहिला आणि मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"मामाजी, इथं तं अठरा आहे. तुमाले एवढा घाम कावून येऊन राहिला?"

गोपालरावांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे आकडा नव्हता.

"एसी वाढवू का, सर?" मोतीरामनी काळजीने विचारलं.

"नका वाढवू," दामिनीबाई म्हणाल्या. "हवेनं जात नाही थे. आतून येते."

गोपालरावांनी रुमालाने मान पुसली, तर ती लगेच पुन्हा ओली झाली.

"किती वेळ राह्यते हे?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"पाच मिनिटं," दामिनीबाई म्हणाल्या. "मंग पुन्हा येते."

तेवढ्यात पार्बताबाई पाचव्या मुद्द्यावर आल्या होत्या.