डोमाजींनी शिवलेला टायर

“ही नवी मॅडम लय मानपानाची दिसते. ठेल्यापासून शाळेपावतो सगळ्यायले मान हालवत जाते.”

“काल तं माह्या बकरीलेबी नमस्कार केला तिनं!”

पानठेल्याच्या आडोशाला मी सायकलची उतरलेली चेन बसवत वाकले होते, म्हणून त्या दोघांना दिसले नाही. ते पोट धरून हसले. मी तशीच वाकून राहिले. चेन केव्हाच बसली होती.

मान मी हलवत नव्हते. मागचा टायर एका जागी टेंगूळ आल्यासारखा फुगला होता. चाक एकदा फिरलं की मी सीटवरून एकदा उडायचे आणि माझी मान आपोआप हलायची. समोरून कुणी येत असेल तर तोही बिचारा मान हलवायचा. हे टेंगूळ माझे घरमालक डोमाजी बांते यांच्या हातचं होतं. त्यांनी माझा फाटलेला टायर दाभणाने शिवला होता.

माझी सगळी शाळा नागपूरला इंग्रजीत झाली, म्हणून तुमसरच्या नव्या इंग्रजी शाळेत मला लगेच नोकरी मिळाली. डोमाजींच्या घराची पुढची खोली भाड्याने मिळाली. त्यांची बायको वारली होती. एकुलती लेक करडी गावात दिलेली. मागच्या खोलीत ते, एक स्टोव्ह आणि लहानमोठ्या दाभणांचा डबा. तीस वर्षं त्यांनी राईस मिलमध्ये तांदळाची पोती शिवली होती. मी येण्याच्या आदल्या वर्षी मिलमध्ये पोती शिवायचं मशीन आलं आणि डोमाजींना फाटकावर बसवण्यात आलं. ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं.

“मशीन बिडी मांगत नाई, बोलतबी नाई,” ते म्हणायचे. “सेठजीले परवडते जी.”

फाटकावर शिवायला काही नव्हतं, म्हणून मोहल्ल्यात जे फाटेल ते डोमाजी शिवायचे. “फाटलं म्हून मेलं काय?” हे त्यांचं पालुपद. रविवारी सकाळी ते दारोदार विचारत फिरत, “काई फाटलं हाये काय जी?” समोरच्या मास्तरांची छत्री त्यांनी इतकी पक्की शिवली, की ती पुन्हा कधी मिटलीच नाही. मास्तर ती उघडीच ओट्यावर ठेवत. खाली कोंबड्या बसत. माझ्या पर्सचा पट्टा तुटला तर पट्ट्यासोबत पर्सचं तोंडही शिवून आणलं. “आता चोराचा बाप आला तरी उघडत नाई,” ते खुशीत म्हणाले. मी “छान झाली” म्हटलं, खोलीत गेले आणि दार लावून ब्लेडने टाके कापले.

तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण मला “नको” म्हणता येत नाही. जे मनात असतं ते ओठांपर्यंत येईस्तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

त्यानंतर महिन्याभरात रस्त्यात पडलेल्या पत्र्याने माझा टायर चार बोटं चिरला. मी सायकल ढकलत घरी आणली. नवा टायर घ्यायचं मनात नक्की केलं होतं. पण ओट्यावर बसलेल्या डोमाजींचे डोळे चिरलेला टायर पाहून लकाकले.

“नवा कायले जी? हा तं आत्ता कुठं वयात आला!”

दोन चमच्यांचे दांडे घालून त्यांनी टायर रिमवरून उतरवला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधले, भोकावर ठिगळ लावलं. मग मिलच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा तासून टायरच्या आतून बसवला. सुतळीला मेण चोळलं, तळहातावर चामड्याचा तुकडा बांधला आणि दाभण रेटलं. चष्मा जाड भिंगांचा, तरी नाक टायरला टेकायचं. मधूनमधून ते टायरशी बोलत. “दुखते काय? दोनच टाके राह्यले, बापा.” संध्याकाळपर्यंत दुहेरी शिलाई झाली. त्यांच्या स्वतःच्या सायकलचे दोन्ही टायर असेच होते. ते उंटावर बसल्यासारखे मिलमध्ये जात.

चार दिवस मीही तशीच शाळेत गेले. मग पानठेल्यावरचं ते बोलणं कानांवर पडलं. त्याच संध्याकाळी मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊन नवा टायर बसवून घेतला. शिवलेला टायर तिथेच सोडून आले. नव्या टायरच्या कडांना रबराचे बारीक केस असतात. ते मी नेलकटरने कापले. वाटेत धानाच्या बांधीजवळ थांबून टायरला चिखल फासला. इतकी मेहनत मी कधी खरं बोलण्यासाठी केली नाही.

दोन आठवड्यांनी डोमाजींनी माझी सायकल उलटी केली आणि चाक फिरवत टायरवरून बोटं फिरवली. मी दारात उभी होते. आता ओळखतील, मग सगळं सांगून टाकू, असं वाटलं.

“मॅडमबाई!” ते ओरडले. “टाका हातालेबी लागत नाई! मेण रबरात मुरलं. उड्डीबी मुरली!” ते आपल्याच बोटांकडे पाहत राहिले. “मशीन आलं, डोळेबी गेले, म्हून मले फाटकावर बसवलं. पन हात हायेत ना जी अजून?”

“हो, काकाजी,” मी म्हणाले.

मग आल्यागेल्याला तो टायर दाखवणं सुरू झालं. “मॅडमबाईले विचारा. इंग्रजी शिकल्या हायेत, खोटं कायले बोलतीन?” आणि मी मान हलवायचे. या वेळी मात्र टायरचा काही दोष नव्हता.

असे सहा-सात महिने गेले. एका शनिवारी मी शाळेतून लवकर आले, तर डोमाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, डोक्याला तेल लावून ओट्यावर तयार. त्यांनी माझी सायकल धुऊन ठेवली होती. टायर घासून लख्ख केला होता.

“चला, मिलमध्ये जाऊन येऊ,” ते म्हणाले. “मशीन पोत्याचं तोंड शिवते. पोटाले भोक पडलं तं तिले जमते काय? फाटका बारदाना सेठजी फेकून देते. तो मले शिवाले द्या म्हनतो. सडकेवर चालनारा टायर माह्या शिलाईनं टिकला, तं तांदूळ टिकन का नाई? तुमी काई बोलू नोका. सेठजीनं विचारलं का फक्त हो म्हना.”

वाटभर ते सायकल हाताने चालवत पुढे आणि मी मागे. मी एक वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. दोन्ही भाषांत ते बरोबर होतं. तोंडातून एकाही भाषेत बाहेर आलं नाही.

सेठजी धानाच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. डोमाजी इतकं नीट बोलले, की ते कित्येक दिवस एकटेच पाठ करत असावेत. हमाल गोळा झाले. सेठजींनी मिलच्या मिस्त्रीला खूण केली. मिस्त्रीने चाक फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं, टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला.

“डोमाजी, हा तं कंपनीचा टायर हाये. नवा घेतलेला. याले दाभणाचा टाकाच नाई.”

“बुढा हवेत टाके घालते!” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

डोमाजी गुडघ्यांवर बसले. चष्मा टायरला लावून त्यांनी अख्खं चाक हळूहळू फिरवलं, इंच इंच पाहिलं. मग वर माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी खाली पाहिलं.

ते उठले. गुडघ्यांवरचा कोंडा झटकला.

“मीच बदलला असन, सेठजी,” ते म्हणाले. “मांगं पंक्चर झाला होता, तवा. बुढापा हाये, इसरलो. मॅडमबाईले यातलं काई माईत नाई. मीच त्यायले उगाच आनलं.”

“जाओ डोमाजी, गेट पे बैठो,” सेठजी म्हणाले. रागावून नव्हे, म्हणूनच ते जास्त वाईट वाटलं.

डोमाजींनी माझ्या सायकलचं हँडल धरलं आणि ती वळवली. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “पदर सांभाळा, चेनमंधी जाते.”

हमाल पांगू लागले होते. सेठजींनी मान दुसरीकडे वळवली होती. आता कुणी काही विचारणारही नव्हतं. वर्गाबाहेर इतका मोठा आवाज मी कधी काढला नव्हता. तो फाटकापर्यंत गेला असणार, कारण डोमाजी थांबले.

“सेठजी, टायर मी बदलला. लोक हसले, मला लाज वाटली, म्हणून बदलला. काकाजींच्या शिलाईचा एक टाकासुद्धा सुटला नव्हता.”