विस्मरणाची जाहीर सूचना

लॉनी टॅकेट याचा गुन्हा समाजाने विसरावा, असा आदेश ओहायोतल्या एका न्यायालयाने दिला. शिक्षा भोगून नऊ वर्षं झाली होती, माणूस नाकासमोर चालत होता, अर्जही त्याने स्वतःच केला होता. मुख्य म्हणजे बर्निस नोव्हाकच्या बेकरीत तो तीन आठवडे पाव भाजत होता आणि सोमवारपासून कायम होणार होता. बर्निसने मागचं काही विचारलं नव्हतं. पाव नीट फुगतो ना, एवढंच ती पाहायची.

अंमलबजावणी नव्या डिजिटल विस्मरण कक्षाकडे आली. कक्ष कामसू निघाला, हेच लॉनीचं दुर्दैव. काय विसरायचं हे कळल्याशिवाय जनता विसरणार कशी, असा रास्त मुद्दा बैठकीत आला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर लॉनीचा फोटो व गुन्ह्याचा साद्यंत तपशील गेला. खाली बटण होतं: ‘मी विसरलो/विसरले’. ते दाबलं की पडताळणीसाठी प्रश्न यायचा, आपण नेमकं काय विसरलात? उत्तर बरोबर आलं तर विस्मरण अपूर्ण ठरायचं. चुकलं तर सूचना नीट वाचलेली नाही असं ठरायचं. दोन्ही प्रकारांत दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची.

हात दाखवून अवलक्षण करून घेतलेला लॉनी कक्षात गेला.

“साहेब, मला इथं कुणी ओळखतसुद्धा नव्हतं हो.”

“आता ओळखतात ना?” कारकून समाधानाने म्हणाला. “मग विसरायला सोपं जाईल.”

शुक्रवारी बर्निसने त्याला भट्टीपासून बाजूला घेतलं. तिला एव्हाना चार सूचना आल्या होत्या.

“तुझ्या गुन्ह्याचं मला काही नाही रे, लॉनी. माझा सख्खा भाऊ आत जाऊन आलाय. पण गिऱ्हाईक पाव हातात धरून तुझ्या तोंडाकडे बघत बसतं. मी किती जणांना समजावू?”

“म्हणजे सोमवारी येऊ नको?”

“सगळे विसरले की बोलावते.”

लॉनीने अॅप्रन काढून घडी घातली. त्याला बर्निसचा राग आला नाही, स्वतःच्या अर्जाचा आला. कक्षाने मात्र लोकसहभाग शंभर टक्के असल्याचा अहवाल वर पाठवला.

न्यायालयाचा मान राखून लॉनीचा गुन्हा या गोष्टीत कुठेही सांगितलेला नाही. त्याला पुढे काम मिळालं का, हे तुम्ही विचारालच. पण आधी तो गुन्हा कोणता, हे विचाराल.