आडे गुरुजींची न हरवलेली ट्रंक

आडे गुरुजींची ट्रंक कधी हरवली नव्हती, म्हणून ते मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले.

प्रश्न साधा होता. 'प्रवासात तुमची ट्रंक हरवली आहे, स्टेशनमास्तरांना पत्र लिहा.' गुरुजींनी लिहिलं, की माननीय महोदय, माझी ट्रंक घरी बाजेखाली सुखरूप आहे, आमच्या गावाला रेल्वे नाही, तरी आपण काळजी करू नये.

"पण गुरुजी, ट्रंक हरवली असं समजायचं असतं!" मी म्हणालो.

"काहून समजायचं? उद्या स्टेशनमास्तर शोधाले लागला म्हंजे?"

मी तेव्हा फुलसावंगीच्या शाळेत नवाच लागलो होतो. महाराष्ट्र नुकताच झाला होता. यवतमाळहून इंटर होऊन आलेला म्हणून गावात इंग्रजीचा जाणकार मीच. आडे गुरुजी खालच्या वर्गांना शिकवत. चाळिशीला टेकलेले, पांढरी टोपी, कानामागे खडूचा तुकडा. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर म्हाताऱ्या आईबरोबर राहत. बायको लग्नानंतर लवकरच वारली होती, पुन्हा त्यांनी लग्न केलं नाही. मॅट्रिक झाल्याशिवाय बढती नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. बाकीचे विषय त्यांनी केव्हाच काढले होते. इंग्रजी तेवढं दावणीला बांधल्यासारखं जागचं हलत नव्हतं.

त्यांनी अभ्यासात कसूर केली असं मात्र कोणी म्हणू शकत नसे. शब्द पाठ व्हावेत म्हणून त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर कोळशाने तिचं इंग्रजी नाव लिहून ठेवलं होतं. दारावर, भिंतीवर, रांजणावर. शेजाऱ्याच्या म्हशीवरही त्यांनी चुन्याने 'बफेलो' लिहिलं. त्यावरून भांडण झालं, कारण शेजाऱ्याला वाटलं, गुरुजींनी म्हशीवर आपलं नाव टाकलं.

वाचनाचा सराव तर जिथे इंग्रजी दिसेल तिथे. किराणा दुकानात रॉकेलच्या डब्यावरचा मजकूर ते एवढ्या भावपूर्ण आवाजात वाचत, की दुकानदार नकळत हात जोडून उभा राही. आगपेटीचं वाचन त्यामानाने लवकर आटपे.

व्याकरणाचा ते रोजच्या व्यवहारात उपयोग करत. एकदा वर्गातल्या एका पोराच्या गालावर बोटं उमटलेली पाहून हेडमास्तरांनी विचारलं, "याला कोणी मारलं?"

"पोरगं मारल्या गेलं, सर."

"अहो, पण कोणी?"

"पॅसिव्ह व्हॉइसमंधी करणाऱ्याचं नाव सांगाचं जरुरी नसते."

हेडमास्तरांचं इंग्रजीही बेताचंच असल्याने प्रकरण तिथेच मिटलं.

मी त्यांना रोज संध्याकाळी शिकवायचं ठरवलं. शिकवण्यासारखं एकच होतं, की परीक्षेत खरं लिहायचं नसतं. मामाने घड्याळ दिलं म्हणून आभाराचं पत्र लिहा म्हटलं, की गुरुजी विचारात पडत. "मामानं मले घडी देल्लीच नाई. एक बकरी देल्ली होती. बकरीचं लिहू का?" शेवटी मी पुसदहून त्यांच्यासाठी गाईड मागवलं आणि सांगितलं, "यात आहे ते पाठ करा. आपल्या मनाचं एक अक्षर घालू नका."

गुरुजी आज्ञाधारक होते. पाठांतर सुरू झालं.

त्यांची परीक्षक होती त्यांची आई. तांड्यावर आईला याडी म्हणतात, तर ही याडी दिवेलागणीला बाजेवर काठी घेऊन बसे आणि गुरुजी तिच्या पायाशी बसून गाईड वाचत. याडीला मराठीसुद्धा जेमतेम कळे, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. पण वाचताना गुरुजी जरा अडखळले, की काठी जमिनीवर आपटे. गुरुजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. अडखळणं कुठल्याही भाषेत सारखंच ऐकू येतं, हे मला तिथे समजलं. मी समोर असलो तरी मला ती हिशेबात धरत नसे.

एकदा 'माझी आई' या निबंधाची पाळी होती. गाईडमधली आई गोरी होती. ती पहाटे उठून देवपूजा करी, मुलाला पेलाभर दूध देई, दुपारी भरतकाम करी आणि रात्री त्याचा अभ्यास घेई. गुरुजींनी एका दमात म्हणून दाखवलं. काठी एकदाही वाजली नाही. म्हातारीने त्यांच्या बोलीत विचारलं, यात आहे तरी काय? गुरुजींनी अर्थ सांगितला. तिने नीट ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं. गुरुजी हसू दाबत राहिले.

"काय म्हणते याडी?"

"म्हणते, हे बाई वावरात जाते कधी?"

त्या वर्षी गुरुजी पास होणार याबद्दल मला शंका नव्हती. ट्रंक हरवल्याचं पत्र ते इतक्या कळवळ्याने लिहू लागले होते, की स्टेशनमास्तरांनी स्वतःची ट्रंक दिली असती.

संक्रांतीनंतर थंडीतापाचं निमित्त होऊन याडी गेली. फार दिवस अंथरुणालाही खिळली नाही. दिवस झाल्यावर गुरुजी शाळेत आले, हजेरी घेतली, पाढे म्हणवून घेतले. पण त्यांचं वाचन थांबलं. मी तांड्यावर जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मी ऐकतो, वाचा."

त्यांनी थोडं वाचलं, मी दोन उच्चार दुरुस्त केले. त्यांनी गाईड मिटलं.

"सर, तुमी चुकलो की टोकता. ते अडलो की टोकत होती. याच्यात लय फरक हाये."

मार्चमध्ये ते पुसदला जाऊन परीक्षा देऊन आले. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाले, "सोपा होता." निकालाच्या कागदात त्यांचा नंबर नव्हता. मी चिडलो. एवढं गाईड तोंडपाठ असलेला माणूस नापास होतोच कसा? गुरुजींनी पुन्हा फॉर्म भरला.

पुढच्या वर्षी निबंध आला 'विमानातला प्रवास'. गुरुजी जन्मात विमानात बसले नव्हते. पण गाईडप्रमाणे बसले, ढगांतून खाली पाहिलं, शेतं रांगोळीसारखी दिसली, सुखरूप उतरले आणि पास झाले. हेडमास्तरांनी सत्कार केला. शेजाऱ्यानेही म्हशीचं विसरून दूध पाठवलं.

संध्याकाळी ते पेढे घेऊन माझ्या खोलीवर आले. मी चहा ठेवला आणि सहज म्हणालो, "मागच्या वर्षीच व्हायला हवे होतात तुम्ही. निबंध कुठला आला होता तेव्हा?"

"'माझी आई'."

"तो तर तुम्हाला झोपेतही येत होता!"

"येत होता नं." गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लिहाले बसलो. गोरी आहे, लिहिलं. मंग हात चालेना. एवढ्या मोठ्या हालमंधी कोणी काठी आपटून नाई राह्यलं, सर. मंग ते वाक्य खोडलं. आपल्या मनानं लिहिलं."

"काय लिहिलं?"

त्यांनी ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. वाक्यं छोटी होती, दुसरीतल्या पोरासारखी. माझी आई काळी आहे. ती वावरात जाते. तिला इंग्रजी येत नाही. मी थांबलो की ती मला थांबू देत नाही. माझी आई घरी माझी वाट पाहत आहे.

पुढे काही नव्हतं. एवढं लिहून ते घंटेची वाट पाहत बसून राहिले होते.

चहा उतू गेला, तो मी पुसला. गुरुजींनी टोपीची घडी उलगडून पुन्हा घातली.

"एक इचारतो, सर. माणूस गेल्यावर 'आहे' लिहिलं, तर मार्क कटतेत का?"

"परीक्षकाला कुठे ठाऊक असतं, गुरुजी?"

"त्याले नसन. मी तुमाले इचारून राह्यलो. चूक होते का?"

"व्याकरणाने चूकच," मी म्हणालो.

"मंग बरोबर नापास केलं त्यायनं," गुरुजी म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला.